लिबियन वाळवंटातील मोटारी : एका पूर्वतयारीचा इतिहास



वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उंटांचा तांडा उभा राहतो, आणि वाळवंटातील प्रवासी म्हटला की जिवावर उदार झालेला एखादा साहसी वीर. यातील उंटाबद्दल माझी तक्रार नाही. शतकानुशतके सुदानातील दार्फुरहून ईजिप्तमधील असियूतपर्यंत ‘चाळीस दिवसांची वाट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मार्गावरून उंटांनीच व्यापार चालविला. परंतु त्या वीराच्या चित्रात मात्र थोडी दुरुस्ती केली पाहिजे. ज्या माणसांनी लिबियन वाळवंटात प्रथम दूरवर मोटारी नेल्या, त्यांची चरित्रे वाचताना साहसापेक्षा हिशेबाची वहीच अधिक वेळा समोर येते. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. या माणसांनी तर विहीर घरूनच बरोबर घेतली होती. त्यांच्या या तयारीचा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम प्रदेश पाहू. नाईल नदीच्या पश्चिमेस ईजिप्त, लिबिया आणि सुदान या तीन देशांच्या सरहद्दी जेथे मिळतात, तेथपर्यंत जवळजवळ निर्जल असा प्रदेश पसरला आहे. त्याच्या उत्तर भागात ‘महावालुकासागर’ आहे. वाळूच्या टेकड्यांच्या रांगांमागून रांगा तेथे साधारण उत्तर-दक्षिण धावतात, आणि काही टेकड्या तीनशे फुटांपर्यंत उंच आहेत. पश्चिमेकडे जाणाऱ्याला यातील प्रत्येक रांग आडवी येते. जर्मन प्रवासी गेर्हार्ड रोल्फ्स याने 1874 साली दाखला या हिरवळीच्या ठिकाणाहून पश्चिमेस कुफ्रा गाठण्याचा प्रयत्न केला. लोखंडी टाक्यांत पाणी भरून, उंटांवर लादून तो निघाला. थोड्याच दिवसांत या रांगांनी त्याला अडविले. सुदैव असे की, जेथे वर्षानुवर्षे थेंब पडत नाही तेथे त्याच्यावर पाऊस पडला. त्या जागेचे त्याने ‘पावसाचे शेत’ असे नाव ठेवले, आणि दोन रांगांमधील वाटेने तो उत्तरेस सीवाकडे वळला. रोल्फ्सची तयारी मोठी होती, पण वाळूपुढे उंटाची चाल उणी पडली. 1923 साली ईजिप्तच्या हसनैन बे यांनी उंटांवरूनच कुफ्रामार्गे जाऊन उवेनातचा डोंगर उजेडात आणला, ती गोष्ट मात्र उंटाच्या बाजूची मानली पाहिजे.

मोटार या रंगभूमीवर आली ती पहिल्या महायुद्धात. ईजिप्तच्या पश्चिम सरहद्दीवर पहारा ठेवण्यासाठी ब्रिटिशांनी हलक्या मोटारींच्या तुकड्या उभारल्या, आणि फोर्डची साधी ‘टी’ गाडी वाळूत किती दूर जाऊ शकते हे त्या वेळी प्रथम कळले. युद्ध संपले, तुकड्या मोडल्या, आणि त्यांनी मिळविलेले ज्ञान दप्तरांत पडून राहिले. ते पुन्हा बाहेर काढून वाढविण्याचे श्रेय राल्फ बॅग्नोल्ड या लष्करी अधिकाऱ्याकडे जाते. 1896 साली जन्मलेला हा इंजिनियर 1926 मध्ये कैरोस नेमला गेला. फुरसतीच्या वेळी इतर अधिकारी पोलो खेळत. हा आणि याचे मित्र मोटारी घेऊन वाळवंटात शिरत. खर्च स्वतःच्या खिशातला, आणि रजा मोजकी. पुढे त्याची बदली हिंदुस्थानात वायव्य सरहद्दीवर झाली, तरी रजा साठवून तो ईजिप्तला परत येई. हे लक्षात ठेवावयास हवे, कारण पैसा आणि वेळ दोन्ही तुटपुंजे असल्यामुळेच या मंडळींना काटेकोर व्हावे लागले.

आता त्यांच्यापुढचा प्रश्न पाहा. वाटेत पेट्रोल नाही, पाणी नाही, लोहार नाही. जे लागेल ते गाडीवर लादावयाचे, आणि जितके लादाल तितकी गाडी वाळूत रुतते. पेट्रोल वाहून नेण्यासाठी पेट्रोल जळते, आणि पाणी वाहणाऱ्या गाडीचे यंत्रही पाणी पिते. म्हणजे प्रत्येक डबा दुसऱ्या डब्याच्या जिवावर प्रवास करतो. एक लहानसे गणित करू. पुढे युद्धकाळात या वाळवंटातील तुकड्यांमध्ये दर माणशी दररोज सहा पिंट, म्हणजे सुमारे 3.4 लिटर पाणी ठरविलेले होते. त्या मापाने दहा माणसांना वीस दिवसांसाठी 680 लिटर पाणी लागते. सात क्विंटलांना थोडेच कमी असे हे नुसते पिण्याचे आणि चहाचे पाणी. त्यात स्नान नाही, कपडे धुणे नाही. म्हणून तंबू गेले, खाटा गेल्या, खुर्च्या गेल्या. रात्री गाडीच्या आडोशाला वाळूवरच पथारी पसरावयाची. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण आपण पैशाच्या बाबतीत वापरतो. येथे ती अक्षरशः वजनाच्या काट्यावर तोलली गेली.

पाण्याचा दुसरा गिऱ्हाईक म्हणजे गाडीचा रेडिएटर. उन्हात आणि मऊ वाळूत यंत्र तापते, पाणी उकळते आणि वाफ होऊन निघून जाते. यावर उपाय असा होता की वाफ बाहेर जाऊ देणारी नळी मोकळी न सोडता ती एका डब्यात नेऊन सोडावयाची. गाडीच्या बाजूला बांधलेल्या या डब्यात थोडे पाणी असे, आणि वाफ त्या पाण्यात शिरून पुन्हा पाणी होई. डबाही उकळून उसळू लागला की चालकाने समजावे, आता थांबले पाहिजे. गाडीचे तोंड वाऱ्याकडे करून मिनिटभर उभे राहिले की यंत्र निवे, आत पोकळी होई, आणि डब्यातील पाणी आपोआप रेडिएटरमध्ये ओढले जाई. या युक्तीचा उगम त्या जुन्या तुकड्यांमध्येच होता. बॅग्नोल्डने ती पक्की केली. आपल्याकडे काटकसरी गृहिणी भाताची पेजही फुकट घालवीत नाही. हा प्रकार त्याच जातीचा होता.

तिसरा प्रश्न दिशेचा. होकायंत्र लोखंडी गाडीत बसविले की भलतीकडे दाखवू लागते. दर थोड्या अंतरावर उतरून दूर जाऊन पाहावे, तर दिवस त्यातच जातो. म्हणून सूर्यकंपास वापरला गेला. अंशांच्या खुणा असलेली एक आडवी तबकडी, आणि तिच्या मध्यभागी एक उभी सुई. सुईची सावली ठरलेल्या खुणेवर ठेवून गाडी चालवीत राहावयाचे. सूर्य सरकतो, म्हणून तबकडीही वेळेनुसार फिरवावयाची. किती मैल आलो हे गाडीवरील मापक सांगे, आणि दिशा व अंतर वहीत उतरविली जात. दिवसभरात साचलेली चूक रात्री दुरुस्त होई. थिओडोलाइटने तारे पाहावयाचे आणि बिनतारी यंत्रावर वेळेचा संदेश ऐकून घड्याळ जुळवावयाचे, की नकाशावरील आपली जागा निश्चित झाली. आज उपग्रहाच्या साह्याने खिशातले यंत्र हेच काम क्षणात करते. पण ते यंत्र बंद पडले तर काय, या प्रश्नाचे उत्तर अजूनही त्या जुन्या वहीतच आहे.

चौथा प्रश्न रुतण्याचा. कैरोच्या एका भंगारवाल्याकडे बॅग्नोल्डला पोलादी पन्हळी सापडल्या. महायुद्धात खंदकांतील खोल्यांवर छपरे घालण्यासाठी त्या बनविल्या होत्या. चाक रुतले की पुढची वाळू हातांनी उकरावयाची, पन्हळ चाकाखाली सरकवावयाची, आणि सर्वांनी मिळून ढकलावयाचे. गाडी काही फूट पुढे जाई, आणि पुन्हा तेच. टायरांतील हवा कमी केली की चाक पसरते आणि वाळूवर तरते, हेही अनुभवाने कळले. परंतु सर्वांत मोठा शोध वाळूच्या स्वभावाचा होता. वाऱ्याकडील उतारावर वाळू दाबून बसलेली, टणक असते. आडोशाच्या बाजूला ती सैल आणि कडेलोटासारखी उतरती असते. तेव्हा भिऊन हळू जाणारा रुततो, आणि टणक बाजूने भरधाव चढणारा वर पोचतो. प्रचंड टेकडीवर ताशी चाळीस मैलांच्या वेगाने गाडी सोडण्याचा प्रयोग बॅग्नोल्डने प्रथम केला तेव्हा, पुढे काय होणार हे त्यालाही ठाऊक नव्हते. गाडी अलगद वर गेली, आणि रोल्फ्सला अडविणारी भिंत मोटारीला वाट देऊ लागली. मात्र माथ्यावर वेग आवरला नाही तर पलीकडच्या बाजूला गाडी कोसळावयाची. तेथे धाडस होते खरे, पण ते वाळू ओळखल्यानंतरचे.

या तयारीचे फळ म्हणजे 1932 ची सफर. कैरोहून निघून उवेनात, तेथून साराची विहीर, सुदानातील अल् फाशेर, आणि परत. पाच हजार मैलांहून अधिक अंतर! लंडनच्या रॉयल जिऑग्रॉफिकल सोसायटीने बॅग्नोल्डला सुवर्णपदक दिले. पुढे त्याने घरी येऊन काचेच्या खिडक्यांचा एक वायुबोगदा उभारला, वाळूचा कण वाऱ्यावर कसा उडतो याचा अभ्यास केला, आणि 1941 मध्ये त्यावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला तो मंगळावरील वाळूच्या टेकड्या अभ्यासणाऱ्यांनाही उपयोगी पडला.

येथेच थांबलो असतो तर ही एका छंदाची सुखांत कथा झाली असती. पण ते वाळवंट रिकामे नव्हते. जानेवारी 1931 मध्ये इटालियन सैन्याने कुफ्रा जिंकले, आणि तेथील अरब कुटुंबे जीव घेऊन वाळवंटात पळाली. त्यांच्यापाशी ना डबे होते, ना हिशेब करण्याइतका वेळ. पाण्यावाचून कित्येकजण वाटेत मेले. ईजिप्तच्या वाळवंट-मोजणी खात्याचा पॅट क्लेटन त्या वेळी त्या भागात नकाशे करीत होता. त्याने आपल्या मोटारी या लोकांना वाचविण्याच्या कामी लावल्या. हौशी मंडळींनी मिळविलेल्या ज्ञानाचे याहून चांगले चीज कोणते?

त्यानंतर दुसरे महायुद्ध आले. निवृत्त झालेल्या बॅग्नोल्डला 1939 मध्ये पुन्हा बोलावून केनियाकडे धाडण्यात आले. वाटेत भूमध्य समुद्रात त्याच्या जहाजाची टक्कर झाली, आणि दुरुस्तीसाठी तो पोर्ट सईदला उतरला. त्या योगायोगाने तो जनरल वेव्हेल यांच्या नजरेस पडला. हेच वेव्हेल पुढे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले. 1940 च्या उन्हाळ्यात बॅग्नोल्डने शत्रूच्या पाठीमागे वाळवंटातून टेहळणी करणारी तुकडी सुचविली, आणि तयारीसाठी फक्त सहा आठवडे मागितले. सहा आठवड्यांत तुकडी उभी राहिली ती जादूने नव्हे. त्यामागे तेरा-चौदा वर्षांच्या वह्या होत्या. पहिले शिपाई न्यूझीलंडचे होते, आणि त्यांत शेतकरी पुष्कळ. 1942 मध्ये याच कामावर एक हिंदी पथकही होते, त्यात जाट, रजपूत, शीख आणि मुसलमान जवान होते. शत्रूच्या बाजूलाही हेच ज्ञान गेले. 1930 नंतर त्याच वाळवंटात हरवलेल्या ‘झर्झुरा’चा शोध घेणाऱ्या हंगेरियन आल्माशीने 1942 मध्ये दोन जर्मन हेर वाळवंटातून थेट असियूतला पोचविले. कालचे सहप्रवासी आता एकमेकांविरुद्ध तीच गणिते करीत होते.

शेवटी एक प्रसंग सांगतो. 31 जानेवारी 1941 रोजी कुफ्राच्या दक्षिणेस जेबेल शरीफ येथे क्लेटनच्या पथकावर हल्ला झाला. क्लेटन पकडला गेला, काही गाड्या जळाल्या. चार माणसे मागे राहिली. त्यांच्यापाशी अन्न जवळजवळ नव्हते, आणि पाण्याचा एक डबा होता. त्यात दोन गॅलनही पाणी नव्हते. कुफ्राकडे जाऊन शत्रूला शरण जाता आले असते. त्याऐवजी आपल्याच गाड्यांच्या चाकोऱ्यांवरून ते दक्षिणेकडे चालू लागले. साराची विहीर लागली, तर ती शत्रूने बुजवून टाकलेली. एक तेथेच थकून राहिला. फ्रेंच गस्तवाल्यांना हे चौघे एकामागून एक सापडले. जखमी ईस्टन सापडल्यावर थोड्याच वेळात वारला. सर्वांत पुढे होता न्यूझीलंडचा मूर. पायाला जखम असताना दहा दिवसांत सुमारे दोनशे दहा मैल तो चालला होता, आणि सापडला तेव्हाही चालतच होता.

मूरच्या धैर्यापुढे कोणीही मान लववील. पण श्रोतेहो, वाळवंटाची सफर आखणाऱ्याने त्याचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवू नये. मूरला चालावे लागले, कारण योजना उद्ध्वस्त झाली होती. योजना टिकते तेव्हा सांगण्यासारखे काही घडत नाही. माणसे निघतात, ठरल्याप्रमाणे पाणी पितात, आणि परत येतात. इतिहास अशा परतणाऱ्यांची दखल फारशी घेत नाही. बॅग्नोल्ड 1990 मध्ये, चौऱ्याण्णव वर्षांचा होऊन वारला. त्याच्या छंदातील सफरी वाचताना आपल्याला जर त्या थोड्या नीरस वाटल्या, तर ती त्याच्या तयारीला मिळालेली पावती समजावी. आणि कुफ्राहून पळालेल्यांना ती तयारी करण्याची सवड कोणी दिली नाही, हेही त्याच्या शेजारी लिहून ठेवावे.