क्रॉस-कंट्री घोडेस्वारी, हौशी प्रौढांची

क्रॉस-कंट्री घोडेस्वारी : कुरणे, चढउतार आणि रानवाटा यांतून आखलेल्या मार्गावर, जमिनीत पक्क्या रोवलेल्या अडथळ्यांवरून घोडा उडवत जाण्याचा प्रकार. ‘ईव्हेंटिंग’ या तीन अंगांच्या अश्वस्पर्धेतले हे सर्वांत धाडसाचे अंग. उरलेली दोन म्हणजे ड्रेसाज (घोड्याकडून ठरावीक चाली करवून दाखवणे) आणि रिंगणातील उड्या. रिंगणातल्या अडथळ्याला खूर लागला तर दांडा खाली पडतो आणि चार दंडगुणांवर निभावते. क्रॉस-कंट्रीतला ओंडका जागचा हलत नाही. या खेळाची शिस्त, भीती आणि चटक या एका फरकातून आलेली आहे. ब्रिटनमध्ये नोकरीधंदा सांभाळून, वयाच्या तिशी-चाळिशीत, मित्रमैत्रिणींच्या सोबतीने याची चव घेणारे बरेच आहेत. प्रस्तुत नोंद मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

अठराव्या शतकात इंग्लंडमधील सामाईक कुरणे कुंपणे घालून खाजगी झाली, तसे कोल्ह्याच्या शिकारीला निघणाऱ्या स्वारांना वाटेत काटेरी कुंपणे आणि चर आडवे येऊ लागले, आणि उडी मारणारा घोडा गरजेचा झाला. त्याच सुमारास, १७५२ मध्ये, आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात दोघा स्वारांनी बटव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चच्या मनोऱ्यापर्यंत (‘स्टीपल’) रानातून शर्यत लावली; ‘स्टीपलचेस’ हे नाव तिथून आले असे मानतात. ईव्हेंटिंगचा उगम मात्र घोडदळातला. दूर मजल मारून आलेला घोडा दुसऱ्या दिवशीही कामाचा राहतो का, हे पाहण्याची ती परीक्षा होती. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये तिला जागा मिळाली, तीही केवळ लष्करी अधिकाऱ्यांसाठी. स्त्रियांना ऑलिंपिकमधील ईव्हेंटिंग खुले व्हायला १९६४ उजाडले. ब्रिटनमधील बॅडमिंटनची प्रसिद्ध स्पर्धा १९४९ पासूनची.

आजची बैठक इटालियन घोडदळातील फेदेरिको काप्रिल्ली (१८६८–१९०७) यांची देणगी. त्यांच्या आधी स्वार उडीच्या वेळी मागे रेलून लगाम खेचत, म्हणजे नेमक्या नको त्या क्षणी घोड्याचे तोंड आणि पाठ धरून ठेवत. काप्रिल्लींनी रिकीब आखूड केली, स्वाराला खोगिरावरून किंचित उचलले आणि हात घोड्याच्या मानेमागोमाग पुढे जाऊ दिले. खोल उतारावरच्या उडीत अजूनही पाय पुढे व धड मागे ठेवावे लागते, पण तिथेही लगाम बोटांतून सरकू द्यायचा असतो. नवशिक्याच्या घोड्याच्या गळ्यात म्हणूनच एक साधा चामडी पट्टा बांधतात. तोल गेला की तो धरायचा, लगाम नाही. पट्टा धरण्यात कमीपणा मानणारा स्वार बहुधा घोड्याच्या तोंडाला लोंबकळलेला दिसतो.

हौशी मंडळी सहसा एखाद्या शेतावरचा किंवा प्रशिक्षण केंद्रातला मार्ग तासाच्या भाड्याने घेतात आणि सोबत एक प्रशिक्षक ठेवतात. चारपाच जणांनी मिळून जाणे खर्चाला बरे पडतेच, पण त्याहून महत्त्वाचे कारण घोड्याच्या स्वभावात आहे. घोडा कळपात राहणारा प्राणी. अनोळखी पाण्यात पाय घालायला तयार नसलेला घोडा पुढच्या घोड्याचे शेपूट पाण्यातून जाताना पाहिले की मुकाट मागोमाग उतरतो. म्हणून गटात एक जाणता, थंड डोक्याचा घोडा असावा लागतो. तो पुढे आणि नवखा पुरेसे अंतर राखून मागे. अंतर कमी पडले आणि पुढचा अडला, तर मागचा त्याच्यावर आदळतो. खरी कसोटी पुढे येते. गट सोडून एकट्याने निघायचे म्हटले की हाच आज्ञाधारक घोडा मान वळवतो, खिंकाळतो आणि सोबत्यांकडे तिरका सरकू लागतो. शेवटची फेरी प्रत्येकाने एकट्याने करावी, असा चांगल्या प्रशिक्षकाचा आग्रह असतो, तो यासाठीच. सोबतीने काय शिकलो हे सोबत सुटल्यावर कळते.

लहानपणी तट्टावर मांड पक्की झालेल्यांपेक्षा प्रौढ नवशिक्याची अडचण निराळी. पोर पडले की कपडे झटकून पुन्हा चढते. प्रौढाला मोडलेल्या मनगटाबरोबर बुडणारी रजा आणि घराचे हप्ते दिसतात. मग तो अडथळ्याकडेच बघत राहतो, खांदे पुढे झुकतात, टाचा वर येतात. स्वाराच्या मांडीतला संकोच घोड्याला लगेच कळतो आणि तो मंदावतो. मंदावलेल्या घोड्याला कसाबसा उडवणे हे वेगाने जाण्यापेक्षा धोक्याचे असते, हे मात्र कोणाला सांगून पटत नाही.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवतालचे दिसते, पण कपाळासमोर अगदी जवळचा पट्टा दिसत नाही. उडी घेताना अडथळा त्याच्या नजरेतून निसटलेला असतो. पाण्याची खोली त्याला काठावरून ओळखता येत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे ती ३५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसते, हे ठाऊक असते ते स्वाराला. सर्वांत फसवा अडथळा ‘कॉफिन’, म्हणजे शवपेटी. आधी एक आडवा दांडा, लगेच उतार, तळाशी चर, मग चढ आणि पुन्हा दांडा. पहिल्या दांड्याशी पोहोचेपर्यंत घोड्याला चर दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा तो अडून बसतो. इथे आखूड, उसळत्या चौखूर चालीने यावे लागते. भरधाव येणाऱ्याला तयारीला सवड मिळत नाही. चरावर तिरपा ओंडका टाकलेला ‘ट्राकेनर’ दिसायला भयंकर, पण घोडे तो बहुधा सहज पार करतात. घाबरतो तो वर बसलेला.

१९९९ मध्ये ब्रिटनमध्ये ईव्हेंटिंगमध्ये पाच स्वारांचा मृत्यू झाला आणि सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला. घोड्याची छाती किंवा पुढचे पाय ओंडक्यात अडकून मागचा भाग वरून उलटतो, ती पडझड सर्वांत जीवघेणी. त्यानंतर ठरावीक दाबाला मोडून ओंडका खाली सोडणाऱ्या खिळी आल्या. स्वाराला छाती-पाठीचे चिलखतवजा जाकीट आणि पक्की कड नसलेले शिरस्त्राण सक्तीचे असते. त्यावर हवेने फुगणारे जाकीटही अनेक जण घालतात. घोड्याच्या पायांना संरक्षक बूट आणि ओल्या गवतावर नालांत पेचाचे खिळे लावतात.

स्पर्धेत लाल निशाण उजवीकडे व पांढरे डावीकडे ठेवून उडी घ्यायची. घोडा अडला की २० गुणांचा दंड, त्याच अडथळ्यावर पुन्हा अडला तर आणखी ४०. स्वार पडला की तो बाद. ठरलेल्या वेळेपेक्षा प्रत्येक जादा सेकंदाला ०.४ गुण. ब्रिटनमध्ये हौशींची सुरुवात बहुधा ८० सेंटिमीटरच्या वर्गापासून होते. एकट्याने उतरायला बिचकणाऱ्यांना जोडीच्या शर्यती आहेत आणि १९७० च्या दशकात हिकस्टेड येथे सुरू झालेली ‘टीम चेस’ही. तिच्यात चौघे एकत्र सुटतात आणि तिसऱ्या घोड्याची वेळ धरली जाते, त्यामुळे एकाने मागे राहिलेले चालते. वयाचा अडसर फारसा नाही. टोकिओ ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाचे अँड्र्यू हॉय यांनी वयाच्या ६२ व्या वर्षी दोन पदके घेतली.

भारतात हा खेळ प्रामुख्याने लष्कराने जोपासला. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत रघुबीर सिंग यांनी ईव्हेंटिंगचे वैयक्तिक सुवर्ण मिळवले, संघाचेही भारताकडेच आले. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरील अमॅच्युअर रायडर्स क्लबात हौशींना घोडेस्वारी शिकता येते. क्रॉस-कंट्रीला लागणारी मोकळी, चढउताराची जमीन मात्र शहरात कुठून आणणार? तरीही भारतीय स्वार फवाद मिर्झा यांनी २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत ईव्हेंटिंगचे वैयक्तिक रौप्य मिळवले. टोकिओ ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजनंतर त्यांच्या नावावर २८ दंडगुण होते, क्रॉस-कंट्रीनंतर ३९.२०. घोडा एकाही अडथळ्यावर अडला नव्हता, वाढलेले ११.२० गुण निव्वळ २८ सेकंदांच्या उशिराचे होते.