पोशाख आणि प्रवासाचे तिकीट

विमानात बसणाऱ्या उतारूने काय नेसावे, हे ठरविण्याचा अधिकार विमान कंपनीस असावा काय? जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील स्पिरिट नावाच्या कंपनीने आपल्या वाहतुकीच्या करारात अपुऱ्या वस्त्रांविषयीची अट अधिक तपशिलाने लिहून काढली, आणि या प्रश्नाची चर्चा सुरू झाली. पुष्कळांस तो विमानयुगाचा प्रश्न वाटला. वास्तविक तो आगगाडीच्या काळापासूनचा आहे, आणि त्याच्या इतिहासातील एक धागा नाशिक जिल्ह्यातील निफाडपर्यंत येऊन पोहोचतो.

सन १८९३ मध्ये मोहनदास करमचंद गांधी हे तरुण बॅरिस्टर एका खटल्याच्या कामी दरबानहून प्रिटोरियास निघाले. मॅरिट्झबर्गच्या स्टेशनावर त्यांना पहिल्या वर्गाच्या डब्यातून कसे उतरविले गेले, हे सर्वश्रुत आहे. त्यापुढील जोहान्सबर्गचा प्रसंग तितका सांगितला जात नाही. तेथे पहिल्या वर्गाचे तिकीट हिंदी माणसास मिळत नसे. गांधींनी स्टेशनमास्तरास आधी चिठ्ठी धाडली आणि फ्रॉककोट व नेकटाय अशा पुऱ्या विलायती पोशाखात ते खिडकीशी गेले. तिकीट मिळाले, मात्र गार्डाने तिसऱ्या वर्गात जाण्यास सांगितल्यास आपणांस त्यात गोवू नये, एवढे स्टेशनमास्तराने बजावले. जर्मिस्टन येथे गार्ड आलाच. डब्यात एकच इंग्रज उतारू होता. त्याने गार्डालाच खडसावले आणि गांधींच्या सोबतीने प्रवास करण्यास आपली मुळीच हरकत नाही असे सांगितले.

ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पोशाखाचे नियम बहुधा सहप्रवाशांच्या नावाने केले जातात. येथे सहप्रवासी निश्चिंत होता; अस्वस्थ होता तो गार्ड.

प्रिटोरियास पोहोचल्यावर गांधींनी रेल्वेच्या अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार केला. उत्तर आले की, नीटनेटका पोशाख केलेल्या हिंदी लोकांस पहिल्या व दुसऱ्या वर्गाची तिकिटे देण्यात येतील. वरवर पाहता ही सवलतच होती. परंतु नीटनेटका कोण, हे ठरवावयाचे कोणी? स्टेशनमास्तराने! गांधींनी आत्मकथेत नेमके याच उणिवेवर बोट ठेविले आहे. पागोटे नीटनेटके की टोपी, धोतर चालेल की पाटलोणच हवी, याचा एका अक्षरानेही उलगडा नव्हता. नियम वस्त्रांविषयी बोलत होता आणि पारख माणसाची करीत होता.

पुढे १९१२ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेत गेले, तेव्हा तेथील सरकारने त्यांच्या प्रवासासाठी सरकारी सलून दिले. गोखल्यांपाशी एक उपरणे होते. ते न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना दिलेले असून गोखले ते विशेष प्रसंगीच वापरीत. रानड्यांचा जन्म १८४२ सालचा, निफाडचा. जोहान्सबर्गच्या हिंदी रहिवाशांनी दिलेल्या मेजवानीच्या वेळी हे उपरणे चुरगळलेले निघाले. तेव्हा गांधींनी त्यास स्वहस्ते इस्त्री केली. ज्या शहरी एकोणीस वर्षांपूर्वी तिकिटासाठी फ्रॉककोट चढवावा लागला होता, तेथेच निफाडच्या सुपुत्राची ही भेट एवढ्या जपणुकीने नीट करण्यात आली.

नाशिककरांस पोशाखाचे निर्बंध नवखे नाहीत. सिंहस्थात त्र्यंबकेश्वरी नागा साधू वस्त्रावाचून स्नानास उतरतात आणि लाखो लोक हात जोडून उभे राहतात. त्याच क्षेत्री गर्भगृहात जावयाचे तर सोवळे लागते. २०१६ मध्ये स्त्रियांस तेथे सकाळचा एक तास प्रवेश देण्याचे ठरले, तेव्हा ओल्या सुती किंवा रेशमी वस्त्राची अट घातली गेली. ती योग्य की अयोग्य, हा वाद निराळा. मात्र देवालयाचा नियम पूजेच्या आचाराशी बांधलेला असतो. भाडे घेऊन माणसे वाहून नेणारास असा कोणता आचार आहे? त्याचे कर्तव्य उतारूस सुखरूप पोहोचविणे हे होय.

सुखरूपतेसाठी नियम अवश्य असावेत, आणि ते मोजता येतील असे करता येतात. भारतांतर्गत विमानप्रवासात शीख उतारूस कृपाण बाळगता येते. पाते सहा इंचांहून आणि एकंदर लांबी नऊ इंचांहून अधिक नसावी, एवढी अट आहे. नांदेडच्या हुजूर साहिबास निघालेल्या यात्रेकरूस ती घरीच पट्टी लावून पाहता येते. संकटसमयी घसरपट्टीवरून उतरताना उंच टाचांचे जोडे काढावयास लावतात, त्याचेही कारण उघड आहे. टाचेने पट्टी फाटण्याचा संभव असतो.

शेजारच्या उतारूचाही काही हक्क आहे, हे नाकारता येत नाही. अरुंद आसनावर तीन-चार तास खांद्यास खांदा लावून बसावयाचे असता, अगदी उघड्या अंगाचा किंवा शिवीगाळ छापलेला सदरा घातलेला शेजारी कोणासही नकोसा वाटेल. स्पिरिट कंपनीने निदान शरीराचे कोणते भाग झाकलेले असावेत, हे नाव घेऊन सांगितले. त्या मानाने तिची अट १८९३ च्या रेल्वेहून प्रामाणिक म्हटली पाहिजे. मात्र अशी अट तिकीट घेतानाच उतारूच्या नजरेस पडावयास हवी. ती विमानाच्या दाराशी प्रथम ऐकू आली, तर सामान आत गेलेले, पैसे भरलेले आणि पुढच्या गावी कोणी वाट पाहत असलेले, अशा स्थितीत वाद घालण्याचे त्राण कितीजणांस राहील?