वेळासचे दप्तर

आमच्या नवी मुंबईच्या खाडीला चिखल फार. कासवीला अंडी घालायला वाळू लागते. ती आहे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने तेथे काम आरंभले. तोवर रात्री घातलेली ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी माणसे, नाहीतर कुत्री-कोल्ही उकरून नेत. मग गावचीच माणसे पहाटे किनारा चालू लागली. माग दिसला की खड्डा शोधायचा, शंभर-सव्वाशे अंडी मोजून कुंपणातल्या वाळूत पुरायची, तारीख टिपायची. नानांच्या दप्तरी शोभावे असे काम!

पण मोजता येतात ती घरटी. मादी पुढे जाते कुठे? पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांची कासवे वेगवेगळी, असे अभ्यासक धरून चालले होते. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यासारख्या पायात धातूची पट्टी सापडली. क्रमांक ०३२३३. ती बसवली होती २०२१ साली, ओडिशात! सुमारे साडेतीन हजार किलोमीटर दूर. आता हिची नोंद कोणत्या किनाऱ्याच्या वहीत करायची?