भुयाराचे नियम आणि त्यांची स्थलांतरे

व्हिडिओ गेमच्या इतिहासात यंत्रांच्या वाढत्या ताकदीला आणि चित्रांच्या झळाळीला बहुधा नको तितके महत्त्व दिले जाते. प्रत्यक्षात या कलेतील काही अत्यंत मोलाच्या कल्पना जिथे चित्र जवळजवळ नव्हतेच अशा पडद्यावर जन्मल्या. 1980च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ येथील शाखेत मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी रचलेला ‘रोग’ हा खेळ त्याचा ठळक दाखला आहे. त्या काळी विद्यापीठांतील संगणकांवर शब्दांतून चालणारे साहसखेळ लोकप्रिय होते, परंतु कोडी एकदा सुटली की त्यांत फारसे काही उरत नसे, आणि ज्याने खेळ रचला त्याला तर तो खेळण्यात मुळातच काही राम नसे. टॉय आणि विचमन यांना आपल्यालाही चकित करील असा खेळ हवा होता, म्हणून भुयाराची मांडणी प्रत्येक डावात संगणकानेच नव्याने करावी, असे त्यांनी योजले.

हे भुयार अक्षरांचे होते. पुढे या कामात सामील झालेल्या केन अर्नोल्ड यांनी बर्कली येथे ‘कर्सेस’ नावाचा आज्ञासंग्रह लिहिला होता. पडद्यावर हव्या त्या जागी हवे ते अक्षर उमटवण्याची सोय त्यामुळे झाली होती. ‘ॲट द रेट’ची खूण म्हणजे खेळाडू आणि रोमन लिपीतील 26 मोठी अक्षरे म्हणजे 26 जातींचे राक्षस, अशी सारी सृष्टी त्यातून उभी राहिली. प्रत्येक पातळीची जागा तीन ओळी आणि तीन रकाने अशा नऊ घरांत विभागून संगणक त्यांत लहानमोठ्या खोल्या बसवी व त्या बोळांनी जोडी. वाटेत सापडणाऱ्या कुप्यांतील द्रव्याचे गुणही दर डावात बदलत: आज ज्या रंगाच्या कुपीने जखम भरली, त्याच रंगाच्या कुपीने उद्या आंधळेपण येई. खेळ मध्येच थांबवून जतन करता येत असे, परंतु ती फाइल पुन्हा उघडताच पुसली जाई, त्यामुळे पात्र मेले की मागे फिरण्याची वाटच उरत नसे. रचनाकारांच्या परिभाषेत यालाच ‘पर्माडेथ’, म्हणजे कायमचा मृत्यू, म्हणतात.

हा नियम वरकरणी क्रूर वाटतो, परंतु तो नव्या भुयाराच्या नियमापासून वेगळा काढता येत नाही. भुयार तेच असते तर कायमचा मृत्यू ही निव्वळ शिक्षा ठरली असती, कारण खेळाडूला पाठ झालेली वाट पुन्हा तुडवावी लागली असती. आणि भुयार नवे असूनही मागे फिरता आले असते, तर अनोळखी कुपी प्यावी की न प्यावी या निर्णयाला काहीच वजन उरले नसते. या दोन नियमांच्या जोडीत पात्र मरते आणि खेळाडूचे शहाणपण मात्र उरते.

बर्कलीच्या युनिक्स प्रणालीच्या 1983 सालच्या आवृत्तीबरोबर ‘रोग’ विद्यापीठाविद्यापीठांत पोहोचला. ‘हॅक’, त्यातून 1987 साली आलेला ‘नेटहॅक’, ‘मोरिया’ आणि ‘अँगबँड’ अशी त्याची वंशावळ वाढली, आणि या कुळातील खेळांना ‘रोगलाइक’ हे नाव पडले. 1996-97च्या सांध्यावर प्रसिद्ध झालेल्या ‘डायब्लो’चे मूळही याच कुळात आहे. डेव्हिड ब्रेव्हिक यांनी तो आधी पाळीपाळीने खेळण्यासाठी योजला होता, म्हणजे खेळाडू हलल्याखेरीज राक्षस हलणार नव्हता. नंतर ते बंधन सोडून सारी झुंज सलग काळात आणली गेली. नवी भुयारे त्याने घेतली, मृत्यूचा धाक मात्र सोडला. परिणामी खेळाडूचे लक्ष निर्णयांकडून लुटीकडे वळले, आणि हे यश कितीही मोठे असले तरी ते अर्ध्याच वारशाचे आहे.

2008 साली बर्लिन येथे भरलेल्या परिषदेत ‘रोगलाइक’ची लक्षणे ठरवण्याचा प्रयत्न झाला व पाळीपाळीने खेळणे हे त्यांत महत्त्वाचे लक्षण मानले गेले. त्याच वर्षी डेरेक यू यांच्या ‘स्पेलंकी’ने त्या लक्षणाविनाही वारसा चालवता येतो हे दाखवून दिले. हा प्लॅटफॉर्म गेम होता, म्हणजे उड्या मारत, कडेकपारी ओलांडत पुढे जाण्याचा खेळ, आणि अशा खेळात एखादी उडी एका घराने लांबली तरी वाट बंद होते. यावर यू यांनी काढलेला तोडगा निवांत पाहण्याजोगा आहे. पातळीची चार गुणिले चार अशी सोळा घरे कल्पून संगणक आधी वरच्या ओळीतील प्रवेशापासून तळाच्या ओळीतील दारापर्यंत एक सलग वाट आखतो; मग त्या वाटेवरील घरांत माणसाने आधीच रचून ठेवलेल्या खोल्यांचे नमुने थोडे फेरफार करून बसवतो; उरलेली घरे वाटेच्या बंधनातून मोकळी असतात. त्यामुळे दोर किंवा बॉम्ब न वापरताही दार गाठता येते. मेलेला खेळाडू नशिबाला बोल लावू शकत नाही, आणि कायमचा मृत्यू न्याय्य वाटण्यासाठी नेमके हेच लागते.

2019 साली पूर्ण रूपात आलेल्या ‘स्ले द स्पायर’ने ही जोडी पत्त्यांच्या खेळात नेली. दर लढाईनंतर समोर येणाऱ्या पत्त्यांतून एखादा निवडत खेळाडू आपला संच बांधतो, आणि हरला की तो संच जातो. शत्रू पुढच्या पाळीत काय करणार हे मात्र येथे त्याच्या डोक्यावरच दाखवलेले असते. ‘रोग’मध्ये बंद कुपीत असलेली अनिश्चितता येथे पुढे कोणते पत्ते हाती येतील या प्रश्नात राहते, आणि उघड दिसणारा वार झेलावा की आपला वार आधी करावा हे ठरवणे खेळाडूकडेच उरते.