घरफोड्या पुन्हा सापडतो तेव्हा

समजा, रात्री कुणीतरी तुमच्या घराची कडी उचकटली, कपाट फोडले आणि दागिने नेले. चार दिवसांनी चोर सापडला आणि कळले की हा गृहस्थ याआधी दोनदा तुरुंगात जाऊन आलेला आहे. तुम्ही काय म्हणाल? “अशाला पुन्हा बाहेर सोडूच नका!” हेच ना? पण जरा असे पाहा. पहिल्या दोन गुन्ह्यांची सजा त्याने भोगली, तो हिशेब मिटला. मग तिसऱ्या वेळी त्याला जी जास्तीची वर्षे द्यायची, ती नेमकी कशाबद्दल?

आपल्याकडच्या १८६० च्या दंडसंहितेत याचे उत्तर ७५ व्या कलमात होते. नाणी आणि मालमत्ता यांविषयीच्या गंभीर गुन्ह्यांत एकदा शिक्षा झालेला माणूस पुन्हा तसल्याच गुन्ह्यात सापडला, तर या कलमाच्या पुढे कायम झालेल्या रूपाप्रमाणे त्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद देता येई. पहिल्या घरफोडीला कायदा सौम्य होता असे मात्र मुळीच नाही. रात्री घर फोडून चोरी केली, तर ४५७ व्या कलमाखाली पहिल्याच खेपेला चौदा वर्षांपर्यंत कैद होऊ शके.

कायदा झाला खरा, पण हाच तो जुना चोर, हे ओळखायचं कसं? नाव बदलले, मुलूख बदलला, की माणूस नवा. बंगालमध्ये पूर्वी जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर गोंदत असत. ती चाल १८४९ साली बंद झाली. खरी सोय झाली ती १८९७ साली, कलकत्त्याला बोटांच्या ठशांची कचेरी निघाली तेव्हा. एडवर्ड हेन्री हे साहेब तिचे प्रमुख. पण ठशांची वर्गवारी बसवण्याचे डोकेफोडीचे काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा हिंदी नोकरांनी केले. नाव मात्र पद्धतीला हेन्रीचे लागले, हे सांगायला नकोच.

पुढल्याच वर्षी जलपायगुडी जिल्ह्यात चहाच्या मळ्यावरील एका व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला, पैसे गेले. जागेवर एक पंचांग सापडले, त्यावर अंगठ्याचा डाग होता. तो ठसा त्यांच्या जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. हा ठसा दप्तरात कसा? तर पूर्वी चोरीबद्दल त्याला शिक्षा झाली होती म्हणून! न्यायालयाने चोरी शाबीत धरली, खून मात्र धरला नाही. ठशाने माणूस तिथे होता एवढेच कळते, सुरी कुणी चालवली ते कळत नाही. मला हा निकाल फार सावध आणि फार चांगला वाटतो.

हेन्री १९०१ साली लंडनच्या स्कॉटलंड यार्डात गेले. १९०२ साली डेन्मार्क हिल भागातल्या एका घरात चोरी झाली. गेले काय, तर बिलियर्डचे चेंडू! पण खिडकीच्या ताज्या रंगावर चोराचा डावा अंगठा उमटला. दप्तरात शोधले, तेव्हा हॅरी जॅक्सन हा पूर्वीचाच शिक्षा झालेला इसम निघाला. त्याला सात वर्षे मिळाली. चेंडूंसाठी सात वर्षे! तुमच्या मनात येते आहे तेच माझ्याही येते. त्यात त्याचा पूर्वेतिहास किती आणि चेंडू किती?

इंग्लंडने १९०८ साली याचे उत्तर उघडच देऊन टाकले. तीनदा शिक्षा झालेल्या सराईत गुन्हेगाराला मूळ सजेवर पाच ते दहा वर्षे निव्वळ समाजाच्या रक्षणासाठी डांबून ठेवायचे. तो कायदा सापडला कुणावर, तर डेव्हिड डेव्हिस या म्हाताऱ्यावर. चर्चच्या दानपेटीतून दोन शिलिंग चोरल्याबद्दल तीन वर्षे सक्तमजुरी आणि वर दहा वर्षे ही नवी कैद. डार्टमूरच्या तुरुंगात तो मेंढ्या राखी. १९१० साली गृहमंत्री चर्चिल यांनी त्याला पाहिले आणि शेतावर काम लावून सोडून दिले. थोड्याच दिवसांत स्वारी तिथून पसार झाली आणि पुढे पुन्हा पकडली गेली! विरोधकांनी चर्चिलना खूप चिडवले. पण म्हाताऱ्याने घात केला, म्हणून दोन शिलिंगांना तेरा वर्षे न्याय्य ठरतात का? १९११ साली चर्चिलनी हा कायदा फक्त धोक्याच्या गुन्हेगारांवर वापरा, असे फर्मावले. ती कैद १९६७ साली रद्द झाली. १९९७ साली मात्र तिथे निराळ्या रूपाने तोच विचार आला. वस्तीच्या घरातली तिसरी घरफोडी असेल, तर अन्याय होईल असे वाटल्याखेरीज किमान तीन वर्षे.

आपल्याकडे याहून कडू प्रकार झाला. इंग्लंडमध्ये निदान त्या माणसाचे स्वतःचे मागचे गुन्हे मोजत. आपल्याकडे १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरला तारेच्या कुंपणात वसाहत होती. हजेरी द्यायची, परवानगीवाचून बाहेर जायचे नाही. १९२४ च्या कायद्यात तर अशा जमातीच्या माणसाला ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्या खेपेला कमीत कमी सात वर्षे आणि तिसऱ्या खेपेला जन्मठेप, अशी तरतूद होती. विशेष कारण असेल, तर न्यायाधीशाने ते निकालात लिहायचे. शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या माणसाने तेच केले, तर किती वर्षे द्यायची ते न्यायाधीशाच्या हाती राही. हा कायदा १९५२ साली गेला. १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला, त्यात जन्म नव्हे, मागच्या शिक्षा मोजायच्या होत्या. कागदावर तरी.

७५ वे कलम १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत १३ वे कलम होऊन आले आहे. आणि जुन्या फौजदारी प्रक्रियेतली एक रीत मला तुमच्यापुढे मुद्दाम ठेवायची आहे. वाढीव शिक्षेसाठी मागची शिक्षा आरोपात लिहितात, पण आरोपीला ती वाचून दाखवायची नाही, फिर्यादी पक्षाने तिचा उच्चारही करायचा नाही. आधी ही घरफोडी त्याने केली की नाही, एवढेच ठरवायचे. ते शाबीत झाले, की मगच मागचे दप्तर उघडायचे.