पिंजाऱ्याची तात आणि दख्खनची थंडी

माझ्या सातवीच्या हजेरीपटावर एक पिंजारी आहे, एक मन्सुरी, एक नद्दाफ आणि बरेच शेख. डिसेंबरातल्या एका सकाळी मुलं हात चोळत बसली होती. शिकवण्यात त्यांचं लक्ष लागेना, म्हणून मी विचारलं, तुमचे दादा-नाना थंडीत काय पांघरायचे आणि ते कोण बनवायचं? पहिल्या तिघांनी हात वर केले. तिघांच्याही घरी गाद्या-रजया भरायचं काम होतं. मधल्या सुट्टीत शेखांपैकी एक पोरगा हळूच जवळ आला. "सर, हमारे दादा भी वहीच करते थे." वर्गात का नाही सांगितलंस, हे मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं.

दख्खनच्या थंडीचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. आपण उन्हाळ्याची आणि दुष्काळाची माणसं, असाच आपला समज. पण निफाड-परभणीचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरल्याच्या बातम्या दर दोन-चार वर्षांनी येतातच. आणि आपल्या जुन्या घरांत खोली तापवायची सोय कधीच नव्हती. मातीच्या जाड भिंती दिवसाची ऊब थोडी धरून ठेवत, तेवढंच. लाकूड होतं ते चुलीपुरतं. रात्रभर शेगडी पेटवायची ऐपत किती घरांत असणार? मग गरिबानं एकच शहाणपण केलं. घर तापवायच्या नादी न लागता अंगातली ऊब अंगाजवळच राखली.

ही ऊब काही कमी नसते. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या अंगातून साधारण शंभर वॅटच्या जुन्या बल्बइतकी उष्णता सतत बाहेर पडत असते. आज आपण दोन हजार वॅटचा हीटर आठ तास लावला तर सोळा युनिट वीज जाते, आणि सकाळी बटण बंद केलं की खोली पुन्हा गार. रजईला बिल येत नाही. पण रजईतला कापूसही स्वतः काही तापत नाही. त्याच्या तंतूंमध्ये अडकून स्थिर झालेली हवा अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. दोन-तीन हिवाळ्यांत कापूस दबतो, गोळे होतात, हवा निघून जाते आणि जड रजईतसुद्धा माणूस कुडकुडतो. त्या कापसात पुन्हा हवा भरायची कला ज्याच्याकडे होती तो पिंजारी.

माझ्या लहानपणी दिवाळीच्या आगेमागे तो गल्लीत यायचा. खांद्यावर माणसाएवढी कमान, तिला जनावराच्या आतड्याची ताणलेली तात, हातात डंबेलसारखा लाकडी ठोकळा. ठोकळ्यानं तात छेडली की ती थरथरत कापसात शिरायची आणि दगडासारखा झालेला कापूस पिसासारखा उडायचा. तो आवाज लांबून ओळखू यायचा. आम्हा पोरांना ते वाद्यच वाटायचं. तोंडाला फडकं बांधलेला तो माणूस दिवसभर किती धूळ छातीत घेत होता, हे कळायला मला मोठं व्हावं लागलं.

दादीचा हिशेब पक्का असायचा. रजईची खोळ उसवून धुवायची, कापूस उन्हात टाकायचा, पिंजून घ्यायचा, आणि तूट येईल तेवढाच नवा कापूस घालायचा. अगदीच जुना झालेला कापूस रजईतून गादीत जायचा, गादीतून उशीत. सगळी रजई नवी भरलेली मी आमच्या घरी एकदाच पाहिली, फुफूच्या लग्नात. टाके मात्र दादी स्वतः घालायची, चार-चार बोटांवर, म्हणजे कापूस एका कोपऱ्यात गोळा होत नाही.

आता शब्दांकडे बघा. 'लिहाफ' अरबी, मूळ अर्थ गुंडाळून घेणं, झाकणं. 'नद्दाफ'ही अरबी, म्हणजे कापूस पिंजणारा. इ.स. ९२२ मध्ये बगदादला ज्यांना मृत्युदंड झाला त्या मन्सूर हल्लाजांच्या नावातला 'हल्लाज' याच धंद्याचा, आणि आपले मन्सुरी स्वतःचं नाव त्यांच्याशी जोडतात. पण 'पिंजणे' इथलंच. संस्कृत कोशकारांनी 'पिञ्जन' हा शब्द कापूस पिंजायच्या धनुष्यासाठीच नोंदवलेला आहे. इतिहासकार इरफान हबीब यांनी १९६९ मध्ये असं मांडलं की चरखा आणि पिंजायची कमान तुर्कांच्या काळात भारतात पसरली. कमानीबद्दल मला तेवढी खात्री वाटत नाही. शब्द एवढा जुना असेल तर वस्तूही जुनी असावी.

चरख्याबाबत मात्र त्यांचा पुरावा आपल्या अंगणातला आहे. मुहम्मद तुघलकानं दिल्लीकरांना दौलताबादेला हलवलं, त्यात इसामी नावाचा सोळा वर्षांचा मुलगा होता. त्याचे नव्वदीतले आजोबा वाटेतच वारले. याच इसामीनं १३५० मध्ये बहमनी सुलतानाच्या आश्रयानं 'फुतूह-उस-सलातीन' पुरं केलं. त्यात रझिया सुलतानवर टीका करताना बाईची जागा चरख्यापाशी, असं तो म्हणतो. टीका वाईटच. पण भारतातल्या चरख्याचा हा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख मानतात.

सतराव्या शतकातला 'दबिस्तान-ए-मजाहिब' हा फारसी ग्रंथ संत दादूंची ओळख नद्दाफ अशी करून देतो. पिंजाऱ्याच्या घरातून संत झाला, हे आमच्या मुलांना कोणी सांगत नाही.

कापूस स्वस्त असेपर्यंत हे सगळं चाललं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस अडला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या दिवसांत मुंबईत लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकल्याच्या कथा सांगतात. पैसा आला, पाठीखालची ऊब गेली. प्रेमचंदांची १९३० ची 'पूस की रात' आठवा. हल्कूनं कांबळ्यासाठी साठवलेले तीन रुपये सावकाराच्या घशात जातात आणि तो शेतात कुत्र्याला कवटाळून रात्र काढतो.

पुढे पिंजायची यंत्रं आली, फोमच्या गाद्या आल्या, पानिपतची ब्लँकेटं आली. ती हलकी असतात, धुता येतात, त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. कमान मात्र खुंटीला लागली. पोरं गॅरेजला, हॉटेलात, फळांच्या गाड्यावर गेली, आणि बऱ्याच घरांनी आडनावही बदलून शेख केलं. पिंजारी म्हटलं की बिरादरीतसुद्धा नाक मुरडणारे होते. 'आपल्यात जात नाही' हे आपण मिंबरवरून ऐकतो आणि रिश्ता ठरवताना विसरतो.

आता महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत पिंजारी आहे. दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. म्हणजे आजोबांनी लाजेनं टाकलेलं नाव नातवाला कागदावर हवं आहे.

त्या शेख मुलाचे वडील गेल्या आठवड्यात शाळेत आले. आम्ही दोघांनी जुनं जनरल रजिस्टर काढलं. वाळवीनं कडा खाल्लेल्या. दादांचं नाव सापडलं: जात मुसलमान, पालकाचा धंदा कापूस पिंजणे. एवढं चालेल का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, भाई, अर्ज करून बघा, मी नक्कल देतो.

कमान आहे का अजून घरी, मी विचारलं. मागच्या थंडीत अंघोळीचं पाणी तापवायला जाळली, म्हणाले. तात तेवढी राहिली आहे, ती बघायला मी रविवारी जाणार आहे.