डब्यातील भजन आणि त्याचे श्रोते

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यास पोहोचली, पुढील वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले, आणि मुंबईच्या कचेऱ्यांत राबून ठाणे, डोंबिवली, कल्याण येथे बिऱ्हाड थाटणारा चाकरमान्यांचा वर्ग जसजसा वाढत गेला, तसतसा त्यांच्या प्रवासात भजनाचा जो प्रघात रुजला, त्याची नोंद सरकारी दप्तरापेक्षा प्रवाशांच्या स्मरणातच अधिक सापडते. साज किती अल्प! टाळांच्या एकदोन जोड्या, फार तर ढोलकी. तीही नसेल तर डब्याचा पत्राच तालवाद्य होतो. तुकोबांचा अभंग अशा निरलंकृत रूपात कानी पडला म्हणजे खिडकीशी पेंगणारा वृद्ध डोळे न उघडता मान डोलावतो, दारातील तरुण ध्रुवपद उचलतो, आणि रात्रपाळीहून परतणारा एखादा कपाळाला आठी घालतो. त्याची तक्रार मला रास्तच वाटते. १९२६ साली स्थापन झालेल्या कल्याण गायन समाजात रसिक मुद्दाम ऐकावयास येतो. डब्यात मात्र श्रोत्यास निवडीची मुभाच नसते, म्हणून त्याची दाद मला अधिक मोलाची वाटते. पारसिकच्या बोगद्यातून जलद गाडी जाऊ लागली, की चाकांचा खडखडाट स्वरांस गिळून टाकी, आणि तोवर मुकाट बसलेली माणसेही त्या काळोखात गाऊ लागत.